कर्ण्यातला मोजा

तांपेरेतल्या माझ्या दुकानात येणारे ग्रामोफोन
रिकामे कधीच नसतात.
बोथट सुया तर चिमूटभर असतातच.
एकदा उंदराचं घरटं निघालं, पत्रं कुरतडून केलेलं,
त्यात ‘प्रिय’ एवढाच शब्द शाबूत.
एकदा साखरेचं रेशन-कुपन, न वापरलेलं.
साखर कुणी विसरतं का?

काल वेइक्को हुर्मे आले, पंच्याऐंशी उलटलेले.
“आवाज दबका येतो. पहिल्यापासूनच.”
मी कर्ण्यात कोपरापर्यंत हात घातला
आणि ओढून काढला
लोकरीचा मोजा, लहान मुलाचा,
टाचेला रफू.

लढाईच्या वर्षांत इथं नाचायला बंदी होती.
लोक पडदे ओढून, कर्ण्यात बोळा कोंबून
स्वयंपाकघरात नाचत, अनवाणी.

हुर्मे मोजा उलटापालटा करत राहिले.
“हा हरवला म्हणून आईनं मला बदडलं होतं!
आणि तिनंच…”
हसत सुटले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

मी चावी दिली. तबकडी फिरली.
आवाज खणखणीत, पार रस्त्यापर्यंत.

ते एकदम गप्प झाले.
“बाबा तर तेव्हा आघाडीवर होते,” म्हणाले.

मग मोजा माझ्या हातात देत,
हळूच,
“परत कोंबा.”