उरलेली अक्षरं

टोलेडोत, लॉन्ड्रोमॅटच्या वरच्या खोलीत
मी शब्द लपवायचं काम करते.
पंधरा बाय पंधराची चौकट, त्यात वीस शब्द,
दर पानाला अकरा डॉलर.
खाली ड्रायर फिरत असतात,
टेबलावरची पेन्सिल त्यांच्या तालावर
कडेकडे सरकते.

यंदाचं पुस्तक एका जुन्या खेळावर आहे,
प्रश्नांचा पट, सहा रंग:
निळ्यात भूगोल, पिवळ्यात इतिहास,
गुलाबीत नट्या, हिरव्यात बेडकाचं हृदय,
तपकिरीत पुस्तकं न् चित्रं,
नारिंगीत बेसबॉल, ज्यातलं मला अजून ओ की ठो कळत नाही.
चर्चच्या गराज सेलमध्ये दोन डॉलरला मिळाला.
चाकात बसवायची तपकिरी फोड तेवढी हरवलेली.
तिथे मी चिंचोका ठेवते.
कुणी हरकत घेत नाही.
खेळायला कुणी नसतंच.

डोरीन कोवाल्चिक, माझी संपादक, फोनवर सांगते:
"उलटे शब्द कमी घाल गं, म्हाताऱ्यांचे डोळे दमतात.
आणि उरलेल्या घरांत
चुकून शिवी तयार होत नाही ना, बघ."
मागे झाली होती एकदा.
इंडियानातल्या एका पाद्र्यालाच सापडली.

तर आधी शब्द पेरायचे.
मिसिसिपी आडवी, नेपोलियन उभा,
पेनिसिलिन तिरपं.
मग मधली रिकामी घरं भरायची.
कशाने? कशानेही.
के. ओ. परत ए.
वाटाणे सोलताना चालतात तशी बोटं चालतात,
डोकं भलतीकडेच.

मार्चमध्ये लोरेनहून पत्र आलं.
लेस्टर हॅलोरन. उचलपुलावरचा माणूस, आता निवृत्त.
जहाज आलं की रस्ता वर करायचा,
चौतीस वर्षं.
"बाईसाहेब,
हिरवा विभाग, पान एक्केचाळीस,
नवव्या ओळीपासून वर, उजवीकडून तिरपं:
यू, जी, ए, सी, एच.
यादीत नाही. डिक्शनरीत नाही.
लायब्ररीतल्या पोरीलाही विचारलं.
हा बेडकाचा अवयव आहे का?"

पान काढलं, बोट ठेवलं.
होता.
मीच लिहिलेला, आणि मलाच पत्ता नाही.
उगाच.

आता ह्याला काय कळवू?
'कारण नसताना' असं लिहिलं. खोडलं.
सहज? सहजला थोडी ऐट असते.
फुकट? त्यात हळहळ येते.
का रडतेस विचारलं की
आई नाक पुसत म्हणायची, ते.
का हसतोस विचारलं की भाऊ म्हणायचा, तेही तेच.
कुलूप लावलंय हे माहीत असून
जिन्यावरून परत वर जाणं.
सहातल्या कुठल्या रंगात घालू?
कार्डामागे उत्तर म्हणून छापलं
तर पुढच्या बाजूला कुठलाही प्रश्न चालेल.

शेवटी पोस्टकार्डावर लिहिलं:
"अवयव नाही. माझ्या भाषेतला शब्द.
जहाज गेलंय, नदी मोकळी,
आणि तुम्ही आणखी मिनिटभर पूल वरच ठेवता,
त्याला म्हणतात."

एप्रिल गेला. मे गेला.
डोरीनने नारिंगी पानं परत धाडली,
शॉर्टस्टॉपचं स्पेलिंग चुकलं म्हणून.

मग जूनमध्ये लिफाफा.
आत पान एक्केचाळीस, फाडलेलं.
वीसही शब्द पेन्सिलीने घेरलेले,
तो एक लाल पेनाने,
आणि यादीच्या तळाशी एकविसावा
त्याच्या ठसठशीत अक्षरात.
मागे लिहिलेलं:
"एकदाच ठेवला होता. एकोणऐंशीचा ऑक्टोबर. चार मिनिटं.
सोळा गाड्या हॉर्न वाजवत होत्या.
साहेबाला कारण सांगता आलं नाही.
आता सांगितलं असतं, पण तो गेला."

पान फ्रीजवर लावलंय.
खाली कुणाचा तरी बूट
ड्रायरमध्ये धडधडतोय.
पिवळ्या विभागातली अकरा घरं अजून रिकामी.
यू, लिहिते.
थांबते.