ठराव क्रमांक सतरा

कॉम्रेड हिलाल बडगुजर उभे राहिले
तेव्हा नंदुरबारच्या सभागृहातला पंखा
एरवीसारखाच कुरकुरत होता.
मी इतिवृत्त लिहीत होतो.
म्हणाले, घरपट्टी निम्मी करा.
म्हणाले, बाजार फी बंदच करा.
म्हणाले, एकोणीस खाती कशाला हवीत,
सातात भागतं.

माझं पेन थांबलं.
हाच माणूस बत्तीस वर्षांपूर्वी
याच इमारतीच्या तिसऱ्या पायरीवर
नऊ दिवस उपाशी बसला होता,
आम्ही सदतीस रोजंदारीवाले कायम व्हावेत म्हणून.
आमच्या घरचं दळण
आप्पांच्या रिकाम्या पोटातून निघतं,
असं माझी बायको म्हणते.

पहिली टाळी गोकुळशेठची.
दुसरी त्याच्या भाच्याची.
मग त्या बाजूचा सगळा बाक.
आप्पांनी चष्मा काढला, पुसला,
पुन्हा घातला
आणि टाळ्या कुठून येताहेत ते बघून घेतलं.
आयुष्यभर त्यांना टाळ्या पडल्या त्या
खिडकीबाहेरून, जिन्यावरून,
उन्हात उभ्या असलेल्यांच्या.
पंख्याखालून कधी नाही.

त्यांनी खिशातून एक पावती काढली.
देवकाबाई शेवाळे, राहणार पथारीजवळ,
काम मिरचीचे देठ खुडणे.
चार पत्रे आणि एक ताडपत्री, याला घर म्हटलंय.
घरपट्टी. दिवाबत्ती. वृक्षकर.
शिक्षणकर. अग्निशमन कर.
झाड नाही, दिवा नाही,
पोरगी चौथीत सोडवलेली.
आग तेवढी आहे,
रोज रात्री, दहाही बोटांत.
तिचं म्हणणं त्यांनी तिच्याच बोलीत सांगितलं,
"मना घरले दार नही रे दादा, पन पट्टी शे."
सभागृह हसलं.
हशा कंसात लिहायची पद्धत आहे,
मी लिहिला.

"आपण मोठं सरकार मागितलं,"
आप्पा आता कुणाशी बोलत होते कोण जाणे,
"म्हणजे मोठा दवाखाना मागितला होता.
मोठं रजिस्टर नव्हतं मागितलं."

तेव्हा विमल पाडवी उठली.
त्यांच्याच पक्षाची, त्यांनीच निवडून आणलेली,
हातात वहीचा फाटका कागद.
"आप्पा, मी हिशोब केलाय.
निम्म्या पट्टीत देवकाबाईचे वाचतील दोनशे दहा.
गोकुळशेठचे, तिन्ही कोल्ड स्टोरेज धरून,
एक लाख चौऱ्याऐंशी हजार.
आणि तुमच्या सातांत
बाळंतिणीचा दवाखाना मला सापडला नाही."

आप्पा गप्प.
किती वेळ, ते इतिवृत्तात येत नाही.
मी दोन ओळी कोऱ्या सोडल्या,
नंतर भरू म्हणून.

"पाचशे फुटांखालच्यांनाच माफी, अशी दुरुस्ती..."
आप्पांचं वाक्य अर्ध्यावर होतं
आणि तिकडे हात वर झाले होते,
मोजूनही झाले होते.
सूचक, हिलाल बडगुजर.
अनुमोदक, गोकुळ जैन.
ही दोन नावं एकाखाली एक
मी पहिल्यांदाच लिहिली.
अक्षर चांगलं आलं, नेहमीपेक्षा.

जिन्यात त्यांनी मला थांबवलं.
"तुझं खातं सातात बसतं का रे?"
अभिलेख कक्ष, आप्पा.
नाही बसत.
"हं," म्हणाले,
आणि खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरू लागले,
तिसरीवर थोडे जास्तच थांबले.
गुडघे म्हणाले असतील काही.

मला एकदम शिंक आली. मग दुसरी.
त्यांच्या सदऱ्याला मिरचीचा खकाणा होता.
सकाळी पथारीवर जाऊन आले होते,
नेहमीसारखे.
डोळे पुसत मी खाली आलो.
त्या दोन ओळी
अजून कोऱ्याच आहेत.