बोचक्या

खरोशाच्या लेण्यांत, उंबऱ्याशी,
धुळीचा एक गोळा चालत होता.
टॉर्च धरला की थांबायचा,
हलवला की पुन्हा निघायचा,
बाजार करून परतणाऱ्या माणसासारखा, ओझं सांभाळत.

"काय हुडकायलाव, मॅडम?"
इमामबी लेणी झाडते. पगार नवऱ्याच्या नावावर निघतो.
मी बोटानं दाखवलं.
"ह्यो व्हय? बोचक्या हाय त्यो.
मुंग्या पितो अन् मढी पाठीवर घालून हिंडतो.
पाल बी शिवत न्हाई. मातीच वाटती तिला."

मुंग्या पितो. खातो नाही.
हे एक क्रियापद तिसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवायला
मला दरवर्षी आख्खा तास लागतो.

लोणच्याच्या बरणीत ठेवला, झाकणाला भोकं पाडून,
औशाला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत,
जिथं पंखा फिरला की वीज आली असं समजायचं.
कॅन्टीनच्या साखरेच्या डब्यातल्या मुंग्या घातल्या.
घाई नसायची त्याला.
येऊ द्यायचा जवळ, पुढचा पाय हलकेच ठेवायचा,
आणि चोच खुपसून उभा,
रसवंतीवर उभ्या माणसासारखा, निवांत.

तेविसाव्या रात्री पाठ उकलली.
सकाळी बरणीत दोघे:
एक पोकळ, बोचक्यासकट, पाय रोवून तसाच;
दुसरा ओला, फिकट, स्वतःलाच अनोळखी.
दुपारपर्यंत काळा झाला, पंखांवर शेंदरी पट्टा.
पाठ मोकळी.

शास्त्राला हाच लागतो. पंख फुटलेला.
चोचीची पेरं तीन. मांडीवर काटे, दोन रांगांत.
छातीखाली खाच, तीत चोच घासून कुरकुरतो;
बरणी कानाशी धरून ऐकलं होतं,
मग त्यालाच मारलं आणि टाचणी टोचली.
शेपटाकडचे खंड उकळले, सुईनं उघडले,
नऊ जुन्या जातींच्या चित्रांशी ताडून पाहिले.
कुठंच जुळेना.
प्रयोगशाळेत मी एकटी. मोठ्यानं म्हणाले,
"नाही जुळत."
बेसिनचा नळ गळत होता.

संस्थेच्या अध्यक्षांचा निरोप आला:
नवी जात ना? आमच्या अण्णांचं नाव द्या, वडिलांचं.
म्हटलं, साहेब, गण ढेकणाचा,
घराणं मारेकऱ्यांचं, शोषून जगणारं.
साहेबांनी चहा बशीत ओतला.
फुंकर मारली.
आणि नॅकची समिती कधी येतेय ते विचारलं.

मग मी नाव इमामबीचं दिलं.
लॅटिनच्या नियमानं बाईच्या नावाला शेवटी ए लागतो:
इमामबीए.
तिला वाचून दाखवलं.
"मंजी मी बीए झाले का?"
आणि पदर तोंडाला लावून हसली, लेण्यात घुमेपर्यंत.
फोटो मात्र तिला पटला नाही.
"ह्यो न्हवं. ह्याच्या पाठीवर कुटं हाय काय?"
मी कात समजावली, पंख समजावले.
"असंल," ती म्हणाली, आणि झाडू उचलला.

कात अजून माझ्याकडं आहे.
तिच्यावरच्या मुंग्या सोडवल्या, ओल्या ब्रशनं, एकेक.
सतरा. सगळ्या शेंगांच्या टरफलासारख्या हलक्या.
सोळा ओळखीच्या.
सतरावीची कंबर वेगळी, डोक्यावरची नक्षी वेगळी,
कुठल्याच पुस्तकात नाही.
पण मिशा तुटलेल्या, आत काही उरलेलं नाही.
एवढ्यावर वर्णन होत नाही.

तीनदा खरोशाला जाऊन आले.
इमामबीनं भिंगातून पाहिलं, बराच वेळ.
"मुंगीच की," म्हणाली.
तिच्याकडंही नाव नव्हतं.

कुपीत अल्कोहोल आहे, शाई टिकत नाही,
म्हणून चिठ्ठी पेन्सिलनं लिहिली.
जात: अनिश्चित.
कुठं सापडली:
बोचक्याच्या पाठीवर, डावीकडून चौथी.