बूच

जैतापूरच्या खाडीकाठी, होडेकरांच्या पडवीत
चौसष्ट सालची फियाट.
बॉनेट तीन वर्षं उघडंच.

मी रत्नागिरीहून आणलेलं रबरी गॅस्केट
कासमभाईंनी खडखडणाऱ्या खिडकीखाली कोंबलं.
"हिला बूचच लागतं."

बूच आलं कोइमतूरहून, टपालात आखडून.
भोकं जुळेनात.
रात्रभर पेजेच्या टोपात भिजत ठेवलं,
सकाळी अंग धरलं त्यानं.

"नट बोटांनी. मग पाव फेरा. बस्स.
फार आवळलंस की चिरतं."

त्यांचे वडील गलबतांच्या फटींत कापूस ठोकायचे,
हातोडीचा तोच बेतशीर हात
आता पान्यावर.

तासभर चालवून इंजिन बंद केलं.
झाकणाच्या कडेनं बोट फिरवून
माझ्यापुढे धरलं त्यांनी:
कोरडं.

आणि खाली, गिअरबॉक्सकडे कुठेतरी,
टप्प.