डेडस्टॉक

मार्चअखेर. तिसरं कपाट, खालचा खण.
किल्ली फिरेना, तेव्हा पुनो वेळीपनं कुलपात खोबरेल सोडलं
आणि खण उघडला जुन्या वर्तमानपत्रांच्या वासासकट.
मी वाचत गेले, तो उचलत गेला.
स्पिरिटचा दिवा, एक, मोडका.
तराजू, एक, वजनं नाहीत.
दगड, लाल, मासा असलेला, एक.
दगड, करडा, काड्या असलेला, एक.
खरेदी किंमत: निरंक.

अक्षर दुभाषी सरांचं, मुंग्या भिंत चढाव्यात तसं.
उत्तरेकडच्या कुठल्याशा बेटावरल्या कॉलेजाला
त्यांनी रिवणचं मँगनीजचं ढेकूळ पाठवलं होतं,
पोस्टाचा खर्च खिशातून.
ही त्याची परतफेड. खाली बारीक अक्षरात:
डेव्होनियनचा आरंभ. सुमारे एक्केचाळीस कोटी वर्षं.

पुनोनं करडा दगड खिडकीकडे धरला.
पान नाही. फूल नाही. मूळ म्हणावं असंही काही नाही.
नुसती काडी, काडीला दोन फाटे,
फाट्याला परत दोन,
टोकाला राईएवढी गाठ.
"शेर," तो म्हणाला, "आमच्या कुंपणाला आहे."
मी म्हटलं, तेव्हा कुंपण नव्हतं.
झाडही नव्हतं. ओल्या काठावर
हे एवढंच उभं होतं, माझ्या घोट्याएवढं.
"आणि गुरं?"
नाही.
"मग हे खाल्लं कुणी?"
मी नोंदवहीचं पान उलटलं.

इतक्यात इनासिना आली, तिसऱ्या वर्षाची,
मागून तिची आई, पिएदाद, बेतूलची.
फीची पावती हवी होती.
टोपली दाराशी ठेवून ती माशाजवळ आली
आणि बराच वेळ काही बोलली नाही.
डोकं म्हणजे घोड्याची नाल, जाड, चिलखती.
डोळे माथ्यावर, शर्टाच्या बटणाच्या भोकांइतके जवळजवळ.
तोंड खाली असावं, दगडात दडलेलं.

तिच्या अंगठ्याचं नख आपोआप पुढे झालं
आणि डोक्यामागे, जिथे कल्ला असायला हवा,
तिथे अडकवून हलकेच उचकटू लागलं.
आत लाल आहे का ते बघायला.
दगड उचलला गेला नाही.
"ताजें न्हय हें," ती म्हणाली
आणि हात झग्याला पुसला.

"याला जबडा नाही, मम्मा."
"मग गळाला कसा लागायचा?"
"नसता लागला."
पिएदादनं मान हलवली, एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाला ओळखावं तशी.
"चिखलाला लागला पण."

आपल्याकडे असला एखादा का नाही, इनासिनानं विचारलं.
कॉलेजच्या विहिरीच्या तळाचा खडक
या माशाच्या वेळीच म्हातारा होऊन बसला होता.
वरचा जांभा तर कालचं पोर.
मधलं काही नाही. एवढ्या मोठ्या मधल्या काळातलं
एक खवलं नाही, एक काडी नाही.
दुभाषी सर दर जूनमध्ये फळ्यावर लिहीत:
तेव्हा केपें कुठे होतं?
कुणी उठत नसे. मग डस्टर फिरवता फिरवता
पाठमोरेच म्हणत:
"होतं की. झिजत होतं."

मी हे तिला सांगितलं, ती वहीत लिहून घेऊ लागली
आणि मध्येच थांबली.

फॉर्मचा शेवटचा रकाना:
निर्लेखित करावे काय, होय अथवा नाही.
पुनो दोन्ही दगड बांधतो आहे, कागद नवा,
गाठ मात्र गवताचा भारा बांधायची, जुनी.
तिकडे त्या थंड कॉलेजातही कुणी तरी
असाच खण उपसत असेल,
काळं ढेकूळ हातात घेऊन वजनानं दचकत असेल,
आणि चिठ्ठी वाचायचा प्रयत्न: रि, व, ण.

पिएदादनं टोपली डोक्यावर घेतली.
आज बांगडा उरला होता, बर्फ सुटत चालला होता,
दारापासून जिन्यापर्यंत थेंबांची रेघ.

मी लिहिलं: मासा, एक.
स्थिती: चांगली.