पूल उचलण्याची वेळ

शनिवारी दुपारी दोन वाजता यंगदोचा पूल उचलतात.
त्याआधी माझ्या हातात चाळीस मिनिटं असतात,
एक पिवळी झेंडी
आणि कॉलरला अडकवलेला माईक.

इकडून या. ओलं आहे, बघून पाय टाका.
हा बुसानचा जागालची बाजार.
जागाल म्हणजे गोटे. इथे गोट्यांचा किनारा होता,
बायका त्यावर पाट्या मांडून बसायच्या,
लाट आली की पाटीसकट उठायच्या,
ओसरली की पुन्हा बसायच्या.
आता काचेची इमारत आहे, लिफ्ट आहे,
पण तळमजल्यावरच्या पिलनाम मावशी अजूनही
भरतीच्या वेळेला उगाचच
स्टुलावरून जरा उठल्यासारखं करतात.
हसा, हरकत नाही. त्याही हसतात.

हा मासा सापासारखा दिसतो. सोलला तरी तव्यावर वळवळतो.
लढाईच्या दिवसांत याचं कातडं कमवायला जायचं,
मांस कुणी विचारत नव्हतं.
उत्तरेकडून जहाजं भरभरून माणसं आली,
डोंगरावर पत्र्याला पत्रा टेकवून राहिली,
त्यांनी ते मांस निखाऱ्यावर टाकलं.
आज प्लेटचा भाव त्या पाटीवर आहे.
काढा फोटो. मी थांबते.

पलीकडे बोटी दुरुस्त करायचे धक्के.
बायका दोराला लोंबकळून हातोडीने
जहाजाच्या पोटावरचा गंज झाडायच्या.
कांग, कांग, कांग.
या आवाजावरूनच गल्लीला नाव पडलं.
तिथल्या उंच इमारतीवर आता एका म्हातारीचं चित्र आहे,
गच्चीपासून खालपर्यंत नुसता चेहरा.
माझ्या सासूला वाटतं, ते तिचंच.
नाही, पण मी कधी सांगितलं नाही.

सासूचं नाव ओकबुन.
बावीस वर्षं तिने गंज झाडला, त्यात कान गेले.
आमच्या घरात भांडण लिहून करावं लागतं.

हे मी माईकवर सांगत नाही.
माईकवर सांगते ती पुलाची गोष्ट:
उत्तरेत घरातून पळताना लोक एकमेकांना म्हणायचे,
चुकामूक झाली तर बुसानच्या पुलाशी भेटू.
दक्षिणेतली तेवढी एकच खूण त्यांना ठाऊक होती.
पुलाच्या कठड्याला नावांच्या चिठ्ठ्या लटकायच्या,
खाली कंदील लावून ज्योतिषी बसायचे.

ओकबुन तेव्हा नऊ वर्षांची. भाऊ सुंगचिल, चौदाचा,
बंदरावरच्या गर्दीत हात सुटला.
आईने अंगठी विकली आणि ज्योतिषाला विचारलं.
तो बराच वेळ काड्या खुळखुळवत राहिला,
मग म्हणाला, पुलाखालचं पाणी
उलटं वाहू लागेल तेव्हा येईल.

ही खाडी आहे. पाणी दिवसातून दोनदा फिरतं.
आईला ते संध्याकाळी कळलं.
मुलीला ओढत ती परत गेली, भर गर्दीत ओरडली,
लबाडा, पैसे घेऊन रोजचंच सांगितलंस!
तो मान खाली घालून म्हणाला,
बाई, रोजचंच सांगितलं.

त्यानंतर दोघी रोज दोनदा यायच्या.

चला, भोंगा वाजला. मागे व्हा, फीत ओलांडू नका.
रस्ता मधून तुटतो, पांढऱ्या पट्ट्यांसकट उभा राहतो,
गल् पक्षी बावचळतात,
तीनशे फोन एकदम वर जातात.

कठड्यापाशी जांभळ्या टोपीतली ती म्हातारी दिसते?
तिला भोंगा ऐकू येत नाही, घड्याळावर येते.
सगळे वर बघत असतात.
ती वर बघत नाही.
वर बघणाऱ्या माणसांची उघडी पडलेली तोंडं
एकेक करून, सावकाश, बघत जाते.
मागच्या महिन्यात एका थाई म्हाताऱ्याची
बाही तिने बराच वेळ धरून ठेवली होती.
त्यानेही सोडवून घेतली नाही.

पंधरा मिनिटांत पूल खाली येतो.
बसेस निघतात.
मी झेंडी गुंडाळते आणि तिच्या वहीत लिहिते,
जेवलात का?
ती वाचते, माझा पेन घेते आणि खाली लिहिते,
पाणी अजून फिरायचंय.