दहा बोटं

भरमा, ये. आधी पायातली चप्पल बदल.
आयटीआयचा कागद आईकडं ठेवायला दे,
वडगावातल्या मागवाल्यांना तो वाचायला सवड नाही.
माग बंद पडलाय, तेवढंच त्यांना दिसतं.

टेस्टर घेताना घासाघीस करू नको.
तो खरं बोलतोय का, ते आधी
चालू पॉइंटवर लावून बघ,
मग बंद वायरीवर,
मग परत चालूवर.
गल्लीतली पोरं हसली तरी.
मी हसलो तरी.

मेन पाडलास की फ्यूज उपटून
खिशात घाल.
बसलिंगण्णानं जवळच्या खिडकीत ठेवला होता.
खाली कुणीतरी, लाइट गेली म्हणून,
चांगुलपणानं परत बसवला.
शिडी अजून त्याचीच वापरतोय आपण,
तिसरी पायरी सुंभानं बांधलेली.

पुठ्ठ्यावर लिही: काम चालू आहे, हात लावू नये.
खाली तेच कन्नडात.
मला लिहायला येत नाही गा,
तुला शाळेत शिकवलंय की.
अक्षर मोठं काढ.

पैसे मागायचे. चहा मजुरीत धरायचा नाही.
येळ्ळूरच्या मावशीचा पंखा फुकट कर,
पण अर्थिंग नको म्हणाली
तर पंख्यालाही हात लावू नको.
रुसेल. रुसू दे.

संध्याकाळी माग सुरू झाला
की अख्खी गल्ली खडखडते,
आपल्याकडं कुणी बघत नाही.
तेव्हा शिडी खांद्यावर घ्यायच्या आधी
बोटं मोज.
माझी नऊच आहेत,
तरी रोज मोजतो.